हा शब्द आला कुठून? स्लँग आणि टोपणनावांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माध्यमांतल्या आणि इंटरनेटवरच्या शब्दांची जन्मकथा लोक फार आवडीने सांगतात, आणि बहुतेक वेळा चुकीची सांगतात. खाली दिलेले प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींना जरा ऐसपैस बसून ऐकावं लागेल.

स्लँग म्हणजे शिवराळ भाषा का?

नाही. शिवी दुखावण्यासाठी असते, स्लँग आपल्या माणसांत आपलं होण्यासाठी. परिभाषेपासूनही ती वेगळी आहे. धंद्यातल्या वस्तूला दुसरं नाव नसतं म्हणून परिभाषा लागते. स्लँगच्या बाबतीत साधा, सर्वांना कळणारा शब्द हाताशी असतो आणि तरीही माणूस तो बाजूला ठेवतो. म्हणून एखाद्या शब्दाचा उगम शोधताना मी आधी विचारतो: हा कुणासमोर बोलला जायचा, आणि कुणाला कळू नये म्हणून?

खुद्द 'स्लँग' हा इंग्रजी शब्द अठराव्या शतकाच्या मध्यात लिखाणात दिसू लागला, तो चोर आणि भटक्यांच्या बोलीसाठी. 'शॉर्टन्ड लँग्वेज' या दोन शब्दांतून तो झाला, असं सांगणारी चित्रं फिरत असतात. त्यांत तथ्य नाही.

मग टोपणनावांचा इथे काय संबंध?

टोपणनाव म्हणजे एका माणसापुरती किंवा एका वस्तूपुरती स्लँगच. 'निकनेम' या शब्दाची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. जुन्या इंग्रजीत 'ईक' म्हणजे वाढीव, जास्तीचं. त्यावरून 'ॲन ईकनेम', म्हणजे एक जादा नाव. भरभर बोलताना 'ॲन'मधला 'न' पुढच्या शब्दाला चिकटला आणि 'अ नीकनेम' झालं. चुकीच्या जागी तुटलेला शब्द पुढे बरोबर ठरला.

जादा नाव मूळ नावापेक्षा किती लांब जाऊ शकतं याचं माझं आवडतं उदाहरण 'ब्लूटूथ'. दहाव्या शतकातला डेन्मार्कचा राजा हॅराल्ड गोर्मसन याचं हे टोपणनाव, निळ्या दाताचा. त्याने विखुरलेली राज्यं एकत्र आणली, म्हणून वेगवेगळी यंत्रं जोडणाऱ्या तंत्राला १९९७मध्ये हे कामचलाऊ नाव सुचवलं गेलं. पक्कं नाव नंतर ठरणार होतं, ते ठरलंच नाही. आपल्या फोनवरचं ते चिन्ह म्हणजे त्या राजाच्या नावाची प्राचीन रूनिक लिपीतली दोन अक्षरं आहेत.

हे सगळं इंटरनेटमुळेच सुरू झालं ना?

मुळीच नाही. आद्याक्षरांचं वेड तर पावणेदोनशे वर्षांपेक्षा जुनं आहे.

१८३०च्या दशकात बॉस्टनच्या वर्तमानपत्रांत एक टूम निघाली होती: वाक्प्रचार मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगने लिहायचा आणि मग त्याची आद्याक्षरं छापायची. 'ऑल करेक्ट'मधल्या 'ए'च्या जागी 'ओ', 'सी'च्या जागी 'के'. झालं 'ओके'. २३ मार्च १८३९ रोजी 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट'ने ते छापलं. त्या काळातली अशी बाकीची आद्याक्षरं विरून गेली. ओके टिकलं, कारण पुढच्याच वर्षी अमेरिकेत निवडणूक होती आणि मार्टिन व्हॅन ब्युरन हे उमेदवार किंडरहूक गावचे होते. त्यांचं टोपणनाव 'ओल्ड किंडरहूक', आद्याक्षरं तीच! व्हॅन ब्युरन निवडणूक हरले, ओके जिंकलं. ॲलन वॉकर रीड या भाषाअभ्यासकाने १९६०च्या दशकात जुनी वर्तमानपत्रं चाळून ही सगळी साखळी जुळवली. तोपर्यंत ओकेच्या डझनभर जन्मकथा सांगितल्या जात होत्या.

'ओएमजी'ही तसंच. ब्रिटिश नौदलाचे माजी प्रमुख ॲडमिरल फिशर यांनी ९ सप्टेंबर १९१७ रोजी विन्स्टन चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रात ही तीन अक्षरं आहेत आणि शेजारी कंसात 'ओह, माय गॉड' असा खुलासाही आहे. तेव्हा फिशर सत्तरी ओलांडलेले होते. 'आजकालच्या पोरांनी भाषा बिघडवली' असं कुणी म्हणालं की मला हे पत्र आठवतं.

आणि तारयंत्र? अमेरिकेत बातम्या तारेने पाठवणाऱ्यांसाठी वॉल्टर फिलिप्स यांनी १८७९मध्ये लघुरूपांची सूची तयार केली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासाठी आज सर्रास वापरला जाणारा 'स्कोटस' हा शब्द त्याच सूचीतला. एकेक अक्षर हाताने ठोकावं लागत असल्यामुळे शब्द आखडले. मोबाइलच्या बारा बटणांवर टाइप करताना पुन्हा तेच घडलं.

'न्यूज' म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साऊथ. हे तरी खरं आहे ना?

नाही. 'न्यू'चं अनेकवचन म्हणजे 'न्यूज', नव्या गोष्टी. फ्रेंचमधल्या 'नूव्हेल'च्या धर्तीवर ते घडलं. चार दिशांची गोष्ट नंतर कुणीतरी जुळवली. 'एसओएस' म्हणजे 'सेव्ह अवर सोल्स' हेही तसंच: मोर्स संकेतात तीन टिंबं, तीन रेघा, तीन टिंबं ओळखायला सोपी, म्हणून तो इशारा निवडला गेला, अर्थ मागाहून चिकटवला.

यात एक खूण आहे. जुन्या साध्या शब्दाची जन्मकथा आद्याक्षरांतून सांगितली जात असेल तर आधी संशय घ्यावा. आद्याक्षरांचे शब्द विसाव्या शतकाआधी क्वचितच बनत. ओके हा त्यातला गाजलेला अपवाद.

वर्तमानपत्रं, रेडिओ आणि चित्रपटांनी कोणते शब्द दिले?

खूप. 'पीत पत्रकारिता' हे त्यांतलं सर्वांत ओळखीचं. १८९०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये जोसेफ पुलित्झर यांचं 'वर्ल्ड' आणि विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांचं 'जर्नल' यांच्यात जीवघेणी चुरस होती. 'वर्ल्ड'मध्ये रिचर्ड आउटकॉल्ट हे व्यंग्यचित्रकार पिवळा झगा घातलेल्या एका वस्तीतल्या पोराची चित्रं काढायचे. हर्स्ट यांनी आउटकॉल्टना आपल्याकडे ओढलं, पुलित्झरनी दुसऱ्या चित्रकाराकडून तेच पोर काढून घेणं चालू ठेवलं. एकाच शहरात दोन पिवळी पोरं झाली आणि दोन्ही पत्रांच्या भडक बातम्यांना तो रंग कायमचा लागला.

'टॅब्लॉइड' औषधाच्या दुकानातून आला. बरोज वेलकम या कंपनीने १८८४मध्ये आपल्या दाबून घट्ट केलेल्या गोळ्यांसाठी हे नाव नोंदवलं होतं. दाबून छोटं केलेलं ते सगळं टॅब्लॉइड, अशी त्याची व्याप्ती वाढत गेली आणि आटोपशीर आकाराची, आटोपशीर बातम्यांची वर्तमानपत्रं त्यात आली. 'सोप ऑपेरा' म्हणजे १९३०च्या दशकातल्या अमेरिकी रेडिओवरच्या दुपारच्या मालिका. त्यांना साबण कंपन्यांचे पैसे असत. 'पापाराझी' मात्र थेट एका पात्राचं नाव आहे: फेडेरिको फेलिनी यांच्या १९६०च्या 'ला दोल्चे व्हिता' चित्रपटातल्या छायाचित्रकाराचं नाव पापाराझ्झो, आणि इटालियनमध्ये त्याचं अनेकवचन पापाराझी.

टीव्ही पुरस्कारांचं 'एमी' हे नाव मला फार गोड वाटतं. कॅमेऱ्यातल्या इमेज ऑर्थिकॉन नावाच्या नळीला तंत्रज्ञ लाडाने 'इमी' म्हणत. पुरस्काराची मूर्ती स्त्रीची, म्हणून इमीची एमी झाली. पडद्यामागे राबणाऱ्यांचा शब्द असा मंचावर पोहोचण्याची उदाहरणं फार थोडी आहेत.

नको असलेल्या ईमेलला 'स्पॅम' का म्हणतात?

मूळ शब्द डबाबंद मांसाच्या एका ब्रँडचा. अमेरिकेत १९३७मध्ये तो बाजारात आला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात व नंतर, ब्रिटनमध्ये ताजं मांस शिधापत्रिकेवर मिळायचं तेव्हा, लोक तो खाऊन कंटाळले. त्या कंटाळ्याच्या आठवणीवर 'मॉन्टी पायथन' या विनोदी मंडळींनी १९७०मध्ये एक प्रवेश केला. उपाहारगृहातल्या जवळपास प्रत्येक पदार्थात स्पॅम, आणि शेजारी बसलेले व्हायकिंग 'स्पॅम, स्पॅम' असं इतकं गातात की बाकीच्यांचं बोलणंच ऐकू येत नाही.

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. नको असलेला पदार्थ, एवढाच अर्थ असता तर शब्द इतका चपखल बसला नसता. १९८०च्या दशकात संगणकावरच्या गप्पांच्या खोल्यांत आणि मजकुरावर चालणाऱ्या खेळांत काही उपद्रवी लोक तोच शब्द शेकडो वेळा टाकून दुसऱ्यांचं संभाषण पडद्याबाहेर ढकलायचे. त्या प्रवेशातलं गाणं आणि हा गोंगाट, दोन्ही सारखेच. ३१ मार्च १९९३ रोजी यूजनेट या चर्चाजाळ्यावर एका सदोष प्रोग्रॅममुळे सुमारे २०० संदेश एकामागून एक पडले, तेव्हा लोकांनी त्याला स्पॅम म्हटलं. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये कँटर आणि सीगल या वकील जोडप्याने ग्रीन कार्डची जाहिरात हजारो चर्चागटांत टाकली आणि शब्दाला जाहिरातीचा अर्थ पक्का चिकटला.

गंमत अशी की पहिली घाऊक जाहिरात-ईमेल त्याच्या कितीतरी आधी, ३ मे १९७८ रोजी गेली होती. एका संगणक कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याने ती सुमारे ४०० जणांना पाठवली. उपद्रव होता, पण त्याला नाव मिळायला पंधरा वर्षं लागली.

'ट्रोल' म्हणजे गोष्टींतला राक्षस ना?

सुरुवातीला नाही. मासेमारीत गळ पाण्यात सोडून नाव हळूहळू पुढे न्यायची, याला इंग्रजीत 'ट्रोलिंग' म्हणतात. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला यूजनेटवरचे मुरलेले लोक एखादा जुना, शंभरदा चघळलेला प्रश्न भाबडेपणाचा आव आणून टाकत आणि कोण नवखा गळाला लागतो ते बघत. क्रियापद आधी आलं. तसं करणाऱ्या माणसाला 'ट्रोल' म्हणू लागल्यावर पुलाखाली बसणारा तो राक्षस आपोआप डोळ्यांसमोर आला आणि पुढे कृत्यांतही राक्षसीपणा वाढला.

'मीम' आणि 'इमोजी' यांचं काय?

'मीम' जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६मध्ये घडवला. अनुकरण या अर्थाच्या ग्रीक शब्दाला कात्री लावून त्यांनी 'जीन'शी यमक जुळवलं. चालीरीती, धून, कल्पना एका मेंदूतून दुसऱ्यात कशा उतरतात हे त्यांना सांगायचं होतं. माइक गॉडविन यांनी १९९४मध्ये तो इंटरनेटवर पसरणाऱ्या कल्पनांना लावला.

'इमोजी'चा 'इमोशन'शी काही संबंध नाही. जपानीत 'ए' म्हणजे चित्र, 'मोजी' म्हणजे अक्षर. उच्चार जुळला हा योगायोग. एका जपानी मोबाइल कंपनीसाठी शिगेताका कुरिता यांनी १९९९मध्ये केलेली १७६ चित्रं आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहेत. त्याआधी १९ सप्टेंबर १९८२ रोजी स्कॉट फालमन यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणक-फलकावर कोलन, आडवी रेघ आणि कंस एकापुढे एक ठेवून हसरा चेहरा सुचवला होता. कारण अगदी व्यवहारी: थट्टेत लिहिलेलं लोक खरं मानत होते.

प्रत्येक भाषेत असे शब्द वेगळे असतात का?

हो, आणि मला विचाराल तर या विषयाचा सगळ्यात आनंदाचा भाग हाच आहे.

ईमेलच्या पत्त्यातलं 'ॲट'चं चिन्ह घ्या. रे टॉमलिन्सन यांनी १९७१मध्ये ते पत्त्यासाठी निवडलं आणि जगभर एकच आकृती पोहोचली. पण प्रत्येकाने तिच्यात वेगळा प्राणी पाहिला. डच लोकांना ती माकडाची शेपटी वाटली, पोलिश लोकांना अख्खं माकड. रशियनमध्ये तो कुत्रा, इटालियनमध्ये गोगलगाय, ग्रीकमध्ये बदकाचं पिल्लू, हंगेरियनमध्ये अळी, आणि डॅनिशमध्ये सोंड असलेला 'ए'. कुठल्याही समितीने ही नावं ठरवली नाहीत. फोनवरून पत्ता सांगताना त्या आकृतीला काहीतरी म्हणावं लागतं, तेवढ्या गरजेतून ती आली.

हसण्याचंही तसंच. थाई भाषेत पाच या आकड्याचा उच्चार 'हा', म्हणून तिथे ५५५ म्हणजे हाहाहा. ब्राझीलमध्ये 'के' अक्षरांची रांग. स्पॅनिशमध्ये 'जे' अक्षर 'ह'सारखं उच्चारतात, म्हणून त्यांचं हसू आपल्याला 'जाजाजा' वाचावंसं वाटतं. फ्रेंच तीन अक्षरांत 'हसून मेलो' लिहितात. जपानीत हसण्याच्या शब्दाचं रोमन आद्याक्षर 'डब्ल्यू'; खूप हसू आलं की खूप डब्ल्यू. ती रांग गवताच्या पात्यांसारखी दिसते, म्हणून आता नुसतं 'कुसा', म्हणजे गवत, लिहिलं तरी हसू पोहोचतं. शब्दाचं अक्षर, अक्षराचं चित्र, चित्राचा पुन्हा शब्द!

यूजरनेमला 'हँडल' आणि 'निक' का म्हणतात?

१९७०च्या दशकात अमेरिकेतले ट्रकचालक सीबी या जवळच्या पल्ल्याच्या रेडिओवर एकमेकांशी बोलत. १९७३च्या तेलसंकटानंतर कुठे इंधन मिळेल, कुठे पोलीस वेग मोजतायत, हे कळवायचं असे; अशा वेळी खरं नाव कोण सांगेल? घेतलेल्या नावाला ते 'हँडल' म्हणत. 'निक' हा 'निकनेम'चा तुकडा. १९८८मध्ये फिनलंडच्या यार्को ओइकारिनेन यांनी घडवलेल्या आयआरसी या गप्पांच्या व्यवस्थेत नाव बदलण्याची आज्ञाच 'निक' अशी होती.

दोन कलाकारांची नावं जोडून एक करण्याची पद्धत नवी आहे का?

ब्रॅड पिट आणि अँजेलिना जोली यांचं 'ब्रँजेलिना' २००५चं. पण मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स या मूकपटांच्या काळातल्या जोडप्याच्या घराला शंभर वर्षांपूर्वीच 'पिकफेअर' म्हणत. प्रत्येक घोटाळ्याला लागणारं 'गेट' हे शेपूट १९७२च्या वॉटरगेट प्रकरणाचं. ते मुळात इमारतसंकुलाचं नाव होतं. चाहत्यांच्या वेडाला नाव देणंही जुनंच: पियानोवादक लिस्टसाठी झालेल्या वेडाला कवी हाइन यांनी १८४४मध्ये 'लिस्टोमॅनिया' म्हटलं होतं.

एखाद्या शब्दाचा कर्ता सापडतो का? श्रेय कुणाला द्यायचं?

सगळ्यात गंभीर प्रश्न हाच आहे.

पहिली लेखी नोंद सापडते, कर्ता सहसा सापडत नाही. 'सेल्फी'ची जुनी नोंद १३ सप्टेंबर २००२ची, ऑस्ट्रेलियातल्या एका चर्चाफलकावरची. लिहिणारा तरुण नंतर म्हणाला की शब्द आपला नव्हे, आसपास बोलला जायचा. ते पटतं, कारण शब्दाला 'ई' लावून लाडिक करणं ही ऑस्ट्रेलियन सवयच आहे; पोस्टमन तिथे 'पोस्टी' होतो.

पण काही वेळा कर्ता, किंवा निदान शब्द प्रकाशात आणणारं माणूस, अगदी स्पष्ट असतं आणि तरी विसरलं जातं. जून २०१४मध्ये शिकागोच्या कायला न्यूमन या कृष्णवर्णीय मुलीने वाइन (Vine) या ॲपवरच्या काही सेकंदांच्या व्हिडिओत आपल्या भुवया 'ऑन फ्लीक', म्हणजे अगदी झकास, असल्याचं म्हटलं. काही महिन्यांत मोठमोठे ब्रँड जाहिरातींत ते वापरू लागले. त्या जाहिरातींतून तिला काही मिळालं नाही.

ही एकटी घटना नाही. आज 'जेन झीची भाषा' म्हणून ओळखले जाणारे कितीतरी शब्द आफ्रिकन अमेरिकन इंग्रजीतून आले आहेत. 'शेड' (आडून टोमणा), 'स्ले' (लाजवाब कामगिरी करणं), 'रीड' (खोचकपणे उणीदुणी काढणं) यांचा आजचा अर्थ न्यूयॉर्कच्या बॉलरूम संस्कृतीत, म्हणजे नटूनथटून स्पर्धा करण्याच्या मेळाव्यांत, घडला. घराने आणि समाजाने दूर लोटलेले कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलैंगिक व ट्रान्स लोक तिथे एकमेकांचं कुटुंब झाले होते. 'वोक' तर इशारा होता. १९३८मध्ये लोकगायक लेड बेली यांनी अलाबामात खोट्या आरोपात अडकवलेल्या नऊ कृष्णवर्णीय मुलांबद्दल बोलताना 'स्टे वोक' म्हटलं, म्हणजे तिथे जाताना सावध राहा, डोळे उघडे ठेवा. १९६२मध्ये लेखक विल्यम मेल्विन केली यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये या शब्दावर लिहिलं, तेव्हाच त्यांचा मुद्दा हा होता की गोरे लोक असे शब्द उचलतात आणि त्यांचा अर्थ वाकवतात. आज तो शब्द बऱ्याचदा टोमणा म्हणून वापरला जातो ते पाहिलं की वाईट वाटतं.

शब्द वापरू नका असं मी म्हणणार नाही. भाषा कुंपणात राहत नाही. पण कुठून आला ते माहीत असेल तर सांगावं. त्याला खर्च काही येत नाही.

लोक 'मृत्यू'ऐवजी 'अनअलाइव्ह' असे विचित्र शब्द का लिहितात?

कारण काही शब्द दिसले की समाजमाध्यमांची स्वयंचलित यंत्रणा मजकूर दाबेल अशी त्यांना भीती असते. इंग्रजीत अशा भाषेला 'अल्गोस्पीक' म्हणतात. चीनमध्ये हे आधीपासून आहे. सरकारने 'सुसंवादी समाज' ही घोषणा दिली, तेव्हा एखादी पोस्ट गायब झाली की लोक म्हणत, तिला 'सुसंवादी' केलं. मग त्याच्याशी जवळजवळ सारखा उच्चार असलेला 'नदीतला खेकडा' त्याची जागा घेऊन आला. ४ जून १९८९चा, म्हणजे बीजिंगच्या तिआनमेन चौकातलं आंदोलन चिरडलं गेलं त्या दिवसाचा, उल्लेख करता येत नाही म्हणून लोक '३५ मे' लिहीत. इथे स्लँग पुन्हा तिच्या मूळ कामाला लागते: आपल्याला कळावं, पहारेकऱ्याला कळू नये.

शब्दकोशात गेला की शब्द संपतो का?

नाही. 'एलओएल' आणि 'ओएमजी' ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात २०११मध्ये गेले आणि आजही चालू आहेत. ऑक्सफर्डने २०२४चा शब्द म्हणून निवडलेला 'ब्रेन रॉट' (मेंदू कुजणं) अमेरिकी लेखक हेन्री डेव्हिड थोरो यांनी १८५४मध्ये लिहिला होता. शब्द मरतात ते ज्या गटाने घडवले तो गट पांगल्यावर, किंवा ज्यांच्यापासून लपवायचं तेच वापरू लागल्यावर.

काही मात्र गट पांगल्यावरही राहतात. एकोणिसाव्या शतकातल्या तारवाल्यांनी ठरलेल्या वाक्यांना आकडे दिले होते. मजकूर संपला की ३०, निरोप घेताना शुभेच्छा द्यायच्या तर ७३. अमेरिकी वार्ताहर पुढे कित्येक दशकं बातमीच्या शेवटी ३० लिहीत राहिले. तारघरं बंद झाली, तरी हौशी लोकांच्या हॅम रेडिओवर संभाषण संपवताना लोक अजूनही एकमेकांना ७३ म्हणतात.